मधल्या तीन ओळी

"उलटं कोरतेस ते समजलं, पेरीन. पण अर्धंच का कोरतेस?"

आंसेल्म माझ्या खांद्यावरून तांब्याच्या पत्र्याकडे बघत होता. कागदावर सुलट उमटावं म्हणून आम्ही पत्र्यावर सगळं उलटं कोरतो. बाकीच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. हा मात्र उलटे सूर घडाघडा वाचायचा. त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता.

"दोनच ओळी छापायच्यात," मी म्हटलं. "वरची चाल आणि तळाचा खर्ज. मास्तरांचा निरोप आहे."

"आणि मधल्या तीन?"

"तांबं महाग झालंय म्हणे. कागदही."

तो बसला. उठला. खिडकीशी गेला, परत आला. माझ्या कारखान्यात चालायला जेमतेम सहा पावलं जागा. साखळीतल्या अस्वलासारखा तो तेवढ्यातच फिरत राहिला.

आंसेल्म कोण ते मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायचं नाही. मास्तर ओनोरे यांचे अकरा ऑपेरा पॅरिसने डोक्यावर घेतले. मास्तर वरची चाल लिहायचे, खालचा खर्ज लिहायचे, मधल्या तीन व्हायोलिनांच्या ओळी कोऱ्या सोडायचे आणि वही आंसेल्मकडे पाठवायचे. त्या ओळी आंसेल्म भरायचा. सगळेच मोठे मास्तर असं करतात, कुणाला त्याची लाज नाही. भिंत गवंड्याने बांधायची आणि दारावर पाटी मालकाची. एकोणतीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या दोन ओळींमधली पोकळी भरत आला आणि मी कधी त्याची कुरकुर ऐकली नव्हती. छापताना त्या ओळी येतात एवढंच त्याला पुरत होतं. नाव नव्हतं, पण सूर तर होते.

"सत्तेचाळिसावं पान दाखव," तो म्हणाला.

"तेच विचारणार होते तुला. तिथे तालाची तीन घरं रिकामी येताहेत. वर विराम, खाली विराम."

"येणारच."

ऑपेरात त्या जागी राणीला मुलगा बुडाल्याची बातमी येते. ती बोलता बोलता थांबते. चाल थांबते, खर्जही थांबतो आणि तीन घरं फक्त मधली व्हायोलिनं वाजतात. मग ती पुढचं वाक्य बोलते. मी ते प्रत्यक्ष ऐकलं होतं. माझ्या शेजारचा जाडजूड खाटीक टोपीत तोंड खुपसून रडला होता.

"चल," आंसेल्म म्हणाला.

"कुठे?"

"ओनोरेकडे. तू साक्षीदार."

मी अंगावरचं कामाचं फडकंही सोडलं नाही.

मास्तरांकडे ब्लेझ चित्रकार बसला होता. पुस्तकाच्या पहिल्या पानाचं चित्र चाललं होतं: मेघांवर बसलेला अपोलो, त्याला मास्तरांचं नाक. भोवती गुबगुबीत पोरं. त्या चित्राला अख्खा पत्रा द्यायचा होता. त्याला तांबं महाग नव्हतं!

मास्तर, ब्लेझ आणि आंसेल्म, हे तिघे विशीत एकाच खोलीत राहायचे. तिघांत मिळून एक बरा कोट. ज्याला काम मिळेल त्याने त्या दिवशी तो घालायचा, बाकीच्यांनी पांघरुणात बसायचं.

"या, या," मास्तर म्हणाले. "आंसेल्म, तुझं तोंड का असं? मासा शिळा निघाला काय?"

"ओनोरे, मधल्या ओळी गाळू नकोस."

"अरे बाबा, घरोघरी हार्प्सिकॉर्डच्या पट्ट्यांवर वाजवायला कुणाला लागतात पाच ओळी? दोन पुरतात."

"बरं. सगळ्या नको. एका पानावर छाप. राणीच्या."

"एका पानावर पाच आणि बाकी दोन? लोक म्हणतील, कोरणारी बाई दारू प्यायली होती."

"लोक काय म्हणतील ते माझं मी बघीन," मी म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"नाहीतर तिथे विराम येतील नुसते," आंसेल्म म्हणाला. "तीन घरं मोकळी."

"मग काढून टाका. अलीकडचं पलीकडचं शिवून घ्या. ती जागा मीच बांधलीये, मीच मोडतो."

आंसेल्म पहिल्यांदा स्थिर उभा राहिला. "तू बांधलीस?"

"नाहीतर कोणी?"

मास्तर खोटं बोलत नव्हते. हेच मला सहन झालं नाही. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. लोकांनी इतकी वर्षं वाहवा केली की माणसाला शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणीही आपलंच वाटायला लागतं.

आंसेल्म ब्लेझकडे वळला. "तू होतास. बर्फ पडत होतं, तू कांदे चिरत होतास. ह्यानं वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, इथे माझं डोकं चालत नाही, तू बघ. आठवतं?"

ब्लेझने कुंचला पुसला. नंतर पुन्हा पुसला. "मी रंगवाला माणूस, आंसेल्म. सुरातलं मला काय कळतं?"

"मी सूर नाही विचारले. कांदे विचारले."

ब्लेझ अपोलोच्या पायाचं बोट रंगवू लागला. षंढ! मी मनात म्हटलं. आज उघड म्हणते.

"वाजव," आंसेल्म मास्तरांना म्हणाला. "तुझी जागा ना? मग वाजव. जमलं तर मी घरी जातो."

मास्तर हसत हार्प्सिकॉर्डला बसले. राणीचं गाणं सुरू केलं. सुरेख वाजवायचे, ते कोण नाकारेल? बातमी आली. राणी थांबली आणि मास्तरांचे हात पट्ट्यांच्या वर तसेच उचललेले राहिले. एक घर गेलं. दुसरं गेलं. डाव्या हाताची करंगळी काहीतरी शोधत खाली आली आणि परत वर गेली. तिसरं गेलं. चौथ्या घरावर त्यांनी पुढची ओळ जोरात धरली, जणू काही झालंच नाही.

"वय झालं," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ती घरं काढ, पेरीन."

परतताना आंसेल्म इतका भराभर चालला की मला धाप लागली. पुलावर मी त्याला गाठलं.

"ऐक. छाप तपासणारा तूच. मास्तर कधी ढुंकून बघत नाहीत. मी त्या घरांत बारीक सूर कोरते. कोणाला कळायचं नाही."

"चोरून?"

"तुझंच आहे, चोरी कसली?"

"माझं आहे तर दारातून येईल." तो कठड्याला टेकला, लगेच सरळ झाला. "सूर नको. पण घरं कापू नकोस. विराम राहू दे. तीनही. बाईचं पोर बुडालंय, पेरीन. तिला लगेच बोलायला लावू नका."

मी मास्तरांचा हुकूम मोडला. तीनही घरं कोरली, मोकळी. असले विराम कोरायला काही लागत नाही, तरी माझी छिन्नी दोनदा घसरली.

पुस्तक बाहेर पडलं आणि एका उमरावाने मास्तरांना मिठी मारली. म्हणाला, एवढ्या दुःखात गप्प राहण्याचं धैर्य तुम्हालाच! मास्तरांनी मान लववली. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात रुआँ शहरच्या नाटकमंडळींनी तो ऑपेरा लावला. त्यांच्याकडे छापील पुस्तकच होतं. मधल्या ओळी त्यांच्याच कुणीतरी भरल्या होत्या, जाड्याभरड्या. आंसेल्मला जायचंच होतं. मी म्हटलं, कशाला जिवाला त्रास? ऐकेना. दोन दिवस गाडीत आदळत गेलो. वरच्या सज्ज्यात बाकावर जागा मिळाली. तो सारखा चुळबुळत होता. टोपी काढ, टोपी घाल.

राणी आली. बातमी आली. राणी थांबली आणि अख्खं नाट्यगृह थांबलं. वादकांनी गज उचलून धरले. इथे काही होतं हेच त्यांना माहीत नव्हतं, म्हणून या तीन घरांत कुणी काही भरलं नव्हतं. खाली कुणी खोकलंसुद्धा नाही.

माझ्या शेजारून आवाज आला. अगदी बारीक, नाकातून गुणगुणल्याचा, मधल्या ओळीचा. आंसेल्मचे डोळे मिटलेले होते.

पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून त्याला "शूऽ" केलं.

तो गप्प झाला. "माफ करा, बाई," असं पुटपुटला. तोवर राणी पुन्हा गाऊ लागली होती.