पुंजाराम गायके यांनी स्वीकारले

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला सोमनाथ गायकेच्या मोबाईलवर मेसेज आला. आपले पार्सल पोहोचले असून ते पुंजाराम गायके यांनी सही करून स्वीकारले आहे, सेवेची संधी दिल्याबद्दल धन्यवाद.

पुंजाराम गायके म्हणजे सोमनाथचे वडील. त्यांना जाऊन साडेअकरा महिने झाले होते.

सोमनाथ तेव्हा वाळूजच्या कंपनीत बोल्ट तपासत होता. त्यानं हातातला बोल्ट खाली ठेवला, मेसेज पुन्हा एकदा वाचला आणि घरी बायकोला फोन लावला.

"पार्सल आलं का गं?"

"नाही."

"मेसेज आलाय. बापूंनी घेतलं म्हणून."

प्रेरणा घरी शिकवण्या घ्यायची. समोरून कितीही चुकीचं उत्तर आलं तरी तिचा आवाज चढत नसे. "मग कुठं ठेवलं तेवढं विचारून घ्या," ती म्हणाली.

पार्सलमध्येही बापूच होते. म्हणजे त्यांचा फोटो, मोठा करून, चौकटीत बसवलेला. रविवारी वर्षश्राद्ध होतं, कन्नडहून सगळी भावकी येणार होती, आणि पाटावर ठेवायला हाच फोटो पाहिजे, हे सोमनाथच्या आईचं, सारजाबाईंचं, पक्कं होतं. बापूंचे फोटो तसे बरेच होते. आधारवर होता, रेशनकार्डावर होता, मतदार ओळखपत्रावर होता. त्या सगळ्यांत ते असे दिसत, की पोलिसांनी बघितलं असतं तर निदान चौकशीला तरी नेलं असतं. हसरा फोटो आयुष्यात एकच. सोयगावला पुतण्याच्या लग्नात फोटोग्राफर मागं सरकता सरकता स्टेजवरून पडला आणि पडता पडता बटण दाबून गेला. त्यामुळं फोटोत अख्खं खानदान तिरकं आलं होतं, सगळ्यांचे चेहरे घाबरलेले, आणि मधोमध बापू डोळे मिटून, तोंड उघडून, खदखदून हसत होते.

सोमनाथनं मोबाईलवर त्याचा फोटो काढून पाहिला, तर बापूंच्या तोंडावर ट्यूबलाईट उगवली. शेवटी पुण्याच्या एका दुकानाकडं मूळ फोटोच पाठवला. दुकानदारानं फोनवर विचारलं, डोळे मिटलेत, उघडून देऊ का, आता कॉम्प्युटरवर होतं. सारजाबाई म्हणाल्या, "हसताना मिटायचेच ते. उघडले तर मला कोण ते वळखू यायचं नाय." दुकानदारानं त्यातले बापू तेवढे मोठे करून चौकट केली, मूळ फोटो मागच्या बाजूला प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला आणि 'हरिणवेग कुरिअर'नं पाठवून दिला.

थोडक्यात, मेलेल्या माणसाचा फोटो मेलेल्या माणसानं सही करून ताब्यात घेतला होता. तसं बघितलं तर पत्ता चुकला नव्हता आणि माणूसही चुकला नव्हता.

संध्याकाळी सोमनाथनं आईला सांगितलं. सारजाबाई शेपू निवडत होत्या.

"सही केली?" त्यांनी विचारलं.

"तसं लिहिलंय."

"मग ते ह्ये नव्हंत," असं म्हणून त्यांनी पुढची जुडी घेतली.

याला कारण होतं. बापू कन्नडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, सातवीपर्यंत शिकलेले होते, अक्षर मोत्यासारखं होतं, पण सही करायचे नाहीत. सही म्हणजे कबुली, असं त्यांचं मत होतं. सोमनाथच्या प्रगतिपुस्तकावर सारजाबाईंचा अंगठा असायचा. दवाखान्यात ऑपरेशनच्या फॉर्मवर सही मागितली तर म्हणाले, "आधी बरं तर करा, मग बघू." रजिस्टर टपाल आलं की पोस्टमनला चहा पाजायचे, घरच्यांची खुशाली विचारायचे आणि टपालासकट परत पाठवायचे.

सोमनाथ नेमका उलटा. त्याच्यापुढं कागद आला की त्याचा हात आपोआप पेनाकडं जाई. गल्लीत गतिरोधक हवा, या अर्जावर त्याची सही होती. गतिरोधक नको, या अर्जावरही होती. दोन्ही बाजूंचे लोक त्याला आपला माणूस समजत आणि तो दोघांनाही "बरं" म्हणे.

त्यानं पुण्याला फोन केला, की दुसरी प्रत तरी काढा. दुकानदार म्हणाला, पार्सल गेलं की आम्ही फाईल उडवून टाकतो, गिऱ्हाइकाच्या खासगीपणाचा प्रश्न असतो. मग त्यानं हरिणवेगच्या मदत केंद्राला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणाले. दोन दाबलं की हिंदीत गाणं लागायचं. गाण्याचा पाचवा फेरा संपल्यावर एक मुलगा आला.

"सर, पार्सल पुंजारामजींना मिळालंय. एकदा त्यांच्याशी बोलून घ्या."

"ते नाहीत."

"काही हरकत नाही सर. कधीपर्यंत येतील?"

"बरं," तो म्हणाला.

बुधवारी अर्धी सुट्टी टाकून तो क्रांती चौकातल्या त्यांच्या ऑफिसात गेला. काउंटरवर रत्नमाला नावाची बाई होती. नावाची पट्टी छातीवर होती, चेहरा कॉम्प्युटरकडं होता.

"तक्रार पार्सल घेणाऱ्यानंच करायची असते."

"घेणारे वारलेत, मॅडम."

"मग मिळालं नाही, हे त्यांना कसं कळलं?"

सोमनाथनं पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून पुढं ठेवला. रत्नमालाबाईंनी तो मन लावून वाचला, स्क्रीनकडं बघितलं, पुन्हा दाखल्याकडं बघितलं.

"तुमच्या कागदाप्रमाणं ते गेल्या वर्षी वारले," त्या म्हणाल्या. "आमच्या सिस्टीमप्रमाणं काल सकाळी घरी होते. दोन एंट्र्या असल्या की आम्हाला लेटेस्ट धरावी लागते."

त्यांच्या बोलण्यात खोट काढावी असं काही सोमनाथला सापडलं नाही. त्यानं तक्रारीच्या फॉर्मवर तीन ठिकाणी सही केली. निघताना बाईंनी अजून एक कागद पुढं सरकवला, त्यावरही केली. सेवा अत्यंत समाधानकारक आहे, असा तो कागद होता, हे त्याला जिना उतरल्यावर कळलं.

तक्रारीचं लेखी उत्तर घरपोच मिळेल असं सांगितलं होतं. घरपोच म्हणजे हरिणवेगनंच. शुक्रवारी दुपारी मेसेज आला, की आपले पत्र पुंजाराम गायके यांनी स्वीकारले आहे.

सारजाबाईंनी तो मेसेज प्रेरणाकडून दोनदा वाचून घेतला. "जित्तेपणी दळण आणा म्हणलं तर ऐकलं नाय," त्या म्हणाल्या. "आता टपाल घ्याया लागलेत." मग त्यांनी पदरानं नाक पुसलं. "सोमा, उद्या मी येते संगं. त्यो फोटो गेला तर हसलेला मानूस दावायला माझ्याकडं दुसरं काय नाय."

त्या असं कधी बोलत नसत. सोमनाथनं यावेळी "बरं" म्हणलं नाही. त्यानं सुट्टी टाकली.

शनिवारी मायलेक रिक्षानं चिकलठाण्याला निघाले. हरिणवेगचं गोदाम तिकडं होतं; त्याला ते हब म्हणत. रिक्षावाल्यानं पत्ता ऐकून आरशातून बघितलं. "पार्सल ढूंढने जा रे क्या, अम्मा? मेरा कुकर उधरीच है दिवाली से," तो म्हणाला. "दिखा तो सलाम बोलना."

हब म्हणजे एक लांबलचक पत्र्याचं शेड होतं. दारावरच्या पाटीवर शहराचं जुनं नाव होतं, पावतीपुस्तकावर नवं होतं आणि कॉम्प्युटरमध्ये शहराच्या रकान्यात 'इतर' होतं. आत खोक्यांचे डोंगर. सोमनाथनं आल्या आल्या डोंगरांकडं बघितलं आणि त्याचा धीर सुटला. सारजाबाईंनी मात्र समोरच्या भिंतीकडं बघितलं आणि त्या जागीच थांबल्या.

भिंतीवर बापू होते.

डोळे मिटून, तोंड उघडून, खदखदून हसत होते. गळ्यात झेंडूचा हार. खाली स्टुलावर उदबत्ती, एक नारळ आणि साखरफुटाण्यांची वाटी. तिघं डिलिव्हरीवाले पाठीवर पिशव्या अडकवून रांगेत उभे होते, आणि एकेक जण चौकटीला हात लावून, तो हात कपाळाला लावून बाहेर पडत होता.

"ह्यांना इथं कुणी बशिवलं?" सारजाबाईंनी विचारलं.

मॅनेजर पुढं आला. राजेंद्र त्याचं नाव, बदलून येऊन दोन आठवडे झालेले. "आमचे संस्थापक," तो खालच्या आवाजात म्हणाला. "कंपनीचे."

"ह्ये?"

"मंगळवारी जेवून आलो तर भिंतीला टेकवून ठेवलेले. प्रत्येक हबला हेड ऑफिसकडून फोटो येतोच. लावून घेतला. सोमनाथ म्हणून चिठ्ठी होती खोक्यावर, म्हटलं हेड ऑफिसातले कुणी साहेब असतील."

"सोमनाथ मी आहे," सोमनाथ म्हणाला. "आणि हे आमचे बापू. वजनकाट्यावर होते."

राजेंद्रनं फोटोकडं बघितलं, मग सोमनाथकडं, मग रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाकडं. तो माणूस हळूच खोक्यांच्या आड सरकत होता.

"कडुबा," राजेंद्र म्हणाला, "इकडं या जरा."

कडुबा आला. पन्नाशीचा, केसांना मेंदी लावलेला, चेहऱ्यावर अपराध स्वच्छ दिसत होता. त्याचं म्हणणं असं, की मंगळवारी गाडीवर बांधताना खोकं फाटलं. फाटलेलं दिलं तर गिऱ्हाईक बोलणार. नाही दिलं तर दिवसाचा आकडा भरत नाही. म्हणून त्यानं मोबाईलवर 'दिलं' असं टाकलं आणि फोटो हबला आणून ठेवला, नवं खोकं मिळालं की द्यायचा म्हणून. मोबाईल घेणाऱ्याचं नाव विचारतो. गायक्यांच्या फाटकापर्यंत जाऊन तो परत फिरला होता, तिथं पाटी होती, पुंजाराम गायके. तेच टाकलं. सही बोटानं मारली.

"आणि शुक्रवारचं पत्र?" सोमनाथनं विचारलं.

"ते बी पाटीवरूनच टाकलं. हाय माझ्या खिशात." त्यानं घडी घातलेलं पाकीट काढून दिलं. "तुमच्या दारात यायला तोंड नव्हतं, साहेब. ह्यांना इथं हार घातलेला. सांगावं तर मॅनेजरसाहेबांनी रोज नारळ फोडलेला."

"लगेच नेऊ नका काका, एवढी विनंती आहे," राजेंद्र मध्येच म्हणाला. सोमनाथपेक्षा तो वयानं मोठा होता, पण काका म्हणाला. "हे लागल्यापासून हब सुधारलंय. आधी रोज साठ पार्सलांवर 'दार बंद होतं' असा शेरा यायचा. आता चार येतात. विचारा ह्यांना."

"खरं हाय," कडुबा म्हणाला. "खोटं 'दार बंद' टाकाया लागलं की ह्ये हसताना दिसतात. डोळे मिटून. म्हणजे यांनी बघितलेलं नसतं तरी कळतं यांना."

"तसंच होतं त्यांचं," सारजाबाई म्हणाल्या.

"उद्या वर्षश्राद्ध आहे," सोमनाथ म्हणाला. "फोटो आजच न्यायचाय."

राजेंद्रनं सुस्कारा सोडला आणि ड्रॉवर उघडून एक कागद काढला. सिस्टीमप्रमाणं पार्सल मंगळवारीच दिलेलं आहे, तो म्हणाला, आणि दिलेलं पार्सल हबमध्ये असूच शकत नाही. त्यामुळं ते इथून बाहेर काढायचं तर एक छोटीशी सही लागेल. त्यानं कागदावर पेन ठेवून दिलं. सोमनाथचा हात नेहमीप्रमाणं आपोआप पेनाकडं गेला. टोपण निघालं. पेन टेकलंसुद्धा.

मग त्यानं, आयुष्यात पहिल्यांदाच, सही करायच्या आधी कागद वाचला.

कागदावर लिहिलं होतं, की सदर पार्सल पुंजाराम गायके यांना मंगळवारी सुस्थितीत मिळाले होते, तक्रार घरगुती गैरसमजातून झाली, आणि कुरिअरबद्दल आमची काही तक्रार नाही.

सोमनाथनं मान वर केली. बापू समोर हसत होते. चौकट जरा उजवीकडं कललेली होती. मूळ फोटोच तिरका, त्यामुळं चौकट कलली तरच माणूस सरळ दिसायचा. उद्या पंधरा पानं उठणार होती, आणि सही नाही केली तर पाटावर रेशनकार्डातले बापू बसणार होते. त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"सही मी कशी करू?" तो म्हणाला. "पार्सल मला मिळालेलंच नाही. तुमच्या रेकॉर्डला ते त्यांना मिळालंय. त्यांची घ्या."

"पण ते तर—"

"मंगळवारी केली ना त्यांनी? शुक्रवारीही केली. आज काय अडचण आहे? समोर आहेत, घ्या."

खोक्यांवर चिकटपट्टी मारणारी बाई हात थांबवून बघायला लागली. राजेंद्रनं कागद बघितला. हा माणूस वजनकाट्यावर होता हे त्याला आता कळलं होतं, पण रोज सकाळी त्याला हात जोडायची सवय त्याच्या अंगात भिनली होती. तो उठला, कागद आणि पेन घेऊन भिंतीपाशी गेला आणि दोन्ही हातांत धरून, अदबीनं, फोटोसमोर उभा राहिला. कडुबानं डोक्यावरची टोपी काढली.

मिनिटभर तसंच गेलं. उदबत्तीची राख पडली.

"नाय करायचे," सारजाबाई म्हणाल्या. "मला बेचाळीस वर्सांत एक नाय दिली. तुम्हाला काय देत्यात."

त्या पुढं झाल्या, हार काढून नारळावर ठेवला, चौकट खिळ्यावरून उतरवली, उलटी करून मागं चिकटवलेला मूळ फोटो आहे का बघितला आणि चौकट उराशी धरून दाराकडं चालायला लागल्या. कुणी अडवलं नाही. रांगेतल्या दोघांनी वाट करून दिली.

"आजी, ऊन आहे," राजेंद्र मागून म्हणाला. हातात अजून तो बिनसहीचा कागद होता. "हबची गाडी आहे. घरपोच करतो."

सारजाबाई, सोमनाथ आणि कडुबा, तिघांनीही त्याच्याकडं बघितलं.

रिक्षा चिकलठाण्याच्या सिग्नलला थांबली तेव्हा सोमनाथचा मोबाईल वाजला. कडुबानं नोंद दुरुस्त केली होती. आपले पार्सल पुंजाराम गायके यांनी स्वतः हबमध्ये येऊन नेले आहे.

त्यानं ते आईला वाचून दाखवलं. सारजाबाईंनी मांडीवरची चौकट जराशी उजवीकडं कलवली.

"स्वतः आले व्हते," त्या म्हणाल्या. "आता खरं लिव्हलं मेल्यानं."