सगळे सकाळी सहाचे

भाऊसाहेबांनी उभी हयात तिसगावात लग्नपत्रिका छापल्या. पुढं पत्रिका मोबाईलवर फिरू लागल्या आणि छापखान्यात उंदीर. तेव्हा ते म्हणाले, पत्रिका नाही तर नाही, आपण लग्नंच जुळवू. त्याच गाळ्यात वधू-वर सूचक केंद्र निघालं. त्यांची बायको पुष्पावती माणसं ओळखायची, भाऊसाहेब नोंदणी फी ओळखायचे. धंदा बरा चालला.

मग पुतणी सृष्टी नगरहून कॉम्प्युटर शिकून आली आणि खोक्यांतल्या कागदांवरची सगळी स्थळं तिनं मशीनमध्ये घातली. मुलीचं नाव निवडलं की पडद्यावर मुलांची यादी यायची आणि प्रत्येकापुढच्या चौकोनात जुळणीचा आकडा. वय, शिक्षण, उंची आणि कुंडलीतले गुण यांची बेरीज करून तो चौकोन आपला आपणच भरायचा. पहिल्या दिवशी मात्र त्यात इंग्रजीत ‘नाव?’ एवढंच उमटलं. भाऊसाहेबांना वाटलं, मशीन रीतीभातीचं आहे, आधी ओळख विचारतंय. त्यांनी आपलं नाव टाइप केलं, मग वडिलांच्या नावासकट केलं. मशीन घेईना. शेवटी सृष्टीला सापडलं की बेरजेचं सूत्र टाइप करताना काकांनी ‘उंची’चा उ दीर्घ केला होता, आणि ‘ऊंची’ नावाचा रकानाच मशीनला माहीत नव्हता.

“माणसानं समजून घेतलं असतं,” भाऊसाहेब म्हणाले.

“माणसानं तुम्हाला बरंच समजून घेतलंय,” पुष्पावती म्हणाली.

रविवारी परिचय मेळावा होता. शुक्रवारी सकाळी यादी छापायची तयारी चालली असताना ज्योती आली, मागोमाग तिचे वडील पुंजाराम. ज्योती सोनईत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रजा टाकून आली होती, त्यामुळे खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागली.

“काका, मागच्या कुठल्याच मेळाव्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. फी घेतली, नाव कुठं गेलं?”

“ज्योतीताई, आपल्या हातात काय असतं? योग लागतो.”

“योग यादीत छापतात का?”

पुंजाराम दारातच उभे होते. “ती तसंच बोलती. भाऊसाहेब, मी काय म्हनतो, हिच्या मामानं राहुरीकडचं स्थळ आनलंय. घर चांगलं हाय. ह्या टायमाला यादीत नाव न्हाई आलं, तर मी तिकडं होकार कळवून टाकतो. किती दिस थांबायचं?”

“त्यांना नोकरी सोडणारी पाहिजे,” ज्योती सृष्टीकडं बघत म्हणाली. “मला सोडायची नाही.”

सृष्टीनं ज्योतीचं नाव निवडलं. मुलांची यादी आली, पण जुळणीचा चौकोन सगळ्यांपुढं कोरा. एक आकडा नाही. आणि मशीन छापायच्या यादीत घ्यायचं ते साठाच्या वरचे. कोऱ्याला ते साठाच्या वरही मानत नव्हतं, खालीही नाही.

“नापास नाही झाली,” सृष्टी म्हणाली. “हिचा पेपरच तपासला नाही.” तिनं एकेक रकाना पाहिला. वय होतं, शिक्षण होतं, उंची होती. जन्मवेळ रिकामी. जन्मवेळ नाही म्हणून गुण नाहीत, आणि बेरजेत एक जरी रकाना रिकामा असला तरी उत्तर रिकामं.

“वेळ का भरली नाही?” पुष्पावतीनं विचारलं.

“ठाऊकच न्हाई तर काय सांगू?” पुंजाराम म्हणाले. “ऊसतोडीची टोळी पार सांगलीकडं हुती. उसाच्या फडातच झाली ही. बाया म्हनल्या पोरगी झाली, एवढंच आमाला कळलं. घड्याळ कुनाकडं हुतं?”

“अहो, मग सकाळी सहा सांगायचं,” भाऊसाहेब सहज बोलून गेले.

सृष्टीची मान वळली. तिनं जन्मवेळेचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. सकाळी सहा. सकाळी सहा. परत सकाळी सहा. निम्मा पाथर्डी तालुका एका ठोक्याला जन्मला होता.

“काका?”

“शाळेत गुरुजी सगळ्यांना एक जून जन्मतारीख देतात, ते चालतं. आपण वेळ दिली तर काय बिघडलं? सकाळची वेळ शुभ असते.”

“म्हणजे ज्यांनी थाप मारली ते यादीत,” पुष्पावती म्हणाली, “आणि ज्यानं खरं सांगितलं त्याची पोरगी बाहेर. तुमच्या केंद्राचं नाव बदला.”

भाऊसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. “बरं, मग गुणांच्या जागी शून्य घाला. बेरीज तरी होईल.”

“शून्य नको,” ज्योती म्हणाली. “शून्य म्हणजे बघितलं आणि जुळलं नाही. माझं तर कुणी बघितलंच नाही. आमच्याकडं तपासणी झाली नसेल तर रिपोर्टवर शून्य नाही लिहीत, ‘तपासणी नाही’ लिहितो.”

सृष्टी तोवर सूत्र बदलायला बसली होती. गुणांचा रकाना रिकामा असेल तर तो हिशोबातच धरायचा नाही. उरलेल्या तिन्हींवरच शंभरपैकी आकडा काढायचा, आणि पुढं छापायचं, ‘जन्मवेळ माहीत नाही’. तिनं बटण दाबलं. चौकोन भरले.

सगळ्यात वर एक नाव आलं जे त्या गाळ्यात कुणी कधी वाचलं नव्हतं. अंगद, राहणार कर्जत, मृद-तपासणी प्रयोगशाळेत नोकरी. जन्मवेळ रिकामी.

“हा कोण?” भाऊसाहेब म्हणाले.

“तुमचं गिऱ्हाईक,” पुष्पावती म्हणाली. “फी भरून ज्योतीसारखाच गायब.”

फॉर्मवर ‘अपेक्षा’ या रकान्यात त्यानं एकच ओळ लिहिली होती: नोकरी करणारी असल्यास उत्तम, बदलीचं दोघं मिळून बघू.

पुंजारामांनी ती ओळ सृष्टीकडून परत वाचून घेतली. “ह्याचीबी येळ न्हाई?”

“नाही.”

“का?”

“ते त्यालाच विचारायला पाहिजे.”

पुंजारामांनी खिशातून मोबाईल काढला, नंबर विचारला, आणि लावायच्या आधी जरा थांबून तो लेकीपुढं धरला. “तूच बोल. मला पुन्हा येळच विचारतील.”

ज्योती बाहेर ओट्यावर गेली. आत सगळे कामात असल्याचं दाखवू लागले. भाऊसाहेब तर अजून सुरू न केलेल्या प्रिंटरकडं कान लावून होते.

“ज्योती बोलतेय, तिसगावच्या केंद्रातून नंबर मिळाला... हो... नाही, माझीही माहीत नाही. फडात झाले मी.” मग बराच वेळ ती ऐकत राहिली, आणि हसली. “तुमची आई पण टोळीत होती? कुठल्या भागात?”

पुंजाराम दारातून आत आले आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा खुर्चीवर बसले. “राहुरीकरांना आज काय कळवायचं न्हाई,” ते म्हणाले.

सृष्टीनं यादी छापायला लावली. ज्योतीचं नाव पहिल्याच पानावर निघालं. भाऊसाहेबांनी मात्र कागद हातात घेऊन हळूच विचारलं, “आता त्या सकाळी सहावाल्यांचं काय करायचं?”

“फोन लावा,” पुष्पावती म्हणाली. “एकेकाला. आणि सकाळी सहालाच लावा.”