आमरसाचा डबा

अस्माने सापळ्याच्या बादलीतलं पाणी गाळणीवर ओतलं आणि गाळात चिमटा फिरवला. आंबलेले खजूर, मेलेल्या माश्या, एक झुरळ, आणि त्याखाली तो. विटकरी रंगाचा, लांब सोंडेचा. तिने त्याला उचलून उन्हात धरलं. पाठीवर काळे ठिपके होते, शंकेला जागाच नव्हती.

"या अल्ला," ती म्हणाली आणि तिथेच बांधावर बसली.

दापोलीला शेतकी शिकताना हाच सोंड्या भुंगा तिने माडांत पाहिला होता. बुंध्यात शिरतो, आतून खोड पोखरतो. वरून झाड हिरवंगार, आणि एक दिवस धाडकन खाली. रियाधच्या बाजूच्या खजुरींत त्याने उच्छाद मांडला होता. हाइलजवळचा हा पट्टा मात्र अजून कोरा होता. तो तसाच कसा राखायचा, एवढ्याच प्रश्नाच्या संशोधनाला सौदी सरकार पैसे देत होतं. पुढचे पैसे द्यायचे की नाहीत हे याच महिन्यात ठरायचं होतं, आणि अस्माचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्या पैशांच्या शेपटीला बांधलेला होता.

प्रकल्पाचे प्रमुख पुण्याचे सुबोध पोंक्षे. माणूस हुशार, पण भाषण करायला उभा राहिला की गोऱ्या साहेबापासून सुरुवात केल्याशिवाय त्याचं इंजिन तापायचं नाही. इंग्रज सरकारने वसाहतींत किडे अभ्यासायला पैसा ओतला तो काही रयतेच्या मायेने नाही, असं ते सांगत. चहा न् कापूस खाणारा किडा साहेबाच्या तिजोरीलाच भोक पाडत होता. याच वाळवंटात टोळधाड उठली तेव्हा साहेबाचे ट्रक विषारी कोंडा पसरत फिरले, कारण इथले टोळ उडून त्यांच्या मुलखातल्या पिकांवर उतरायचे. "हेतू काही असो," सर बोट वर करायचे, "एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. किडा आला कुठून ते आधी शोधा. वाऱ्यावर ढकलून मोकळे होऊ नका."

सरांचं स्वतःचं म्हणणंही तेच. सोंड्या एवढ्या लांब पंखांवर येत नाही, माणसाच्या हातून येतो. लागण झालेल्या खजुरीचा फुटवा कुणीतरी बिनकागदाचा उचलतो आणि किडा त्याच्या पोटात बसून नव्या गावी उतरतो. रस्ते राखा, झाडं वाचतील. चौकीवरच्या पोरांना हे समजावून सांगायला अस्माच जायची.

तिने फोन लावला.

"सर, एक सापडला."

पलीकडे घरघरणारा पंखा बंद झाला.

"उडत आला असेल तर आपण खलास," सर म्हणाले. "कुणी आणला असेल तर आपण म्हणत होतो तेच खरं. शोध, अस्मा."

शोध फार लांब गेला नाही. अस्माच्या भाड्याच्या घराच्या भिंतीपलीकडेच उम्म नायफ या विधवा बाईची बाग होती. बागेच्या कोपऱ्यात एक कोवळी खजुरी मान टाकून उभी होती. अस्माने बुंध्याला कान लावला. आत कुरतडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. शेजारच्या मोठ्या झाडांतूनही तपकिरी डिंक ओघळला होता. ती झाडं उम्म नायफच्या नवऱ्याने लावलेली. आता तोडून जाळण्यावाचून इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर आले, शेतकी खात्याचा अधिकारीही आला. अधिकाऱ्याने कोवळ्या खजुरीकडे बोट दाखवलं.

"हा फुटवा कुठून आणला?"

उम्म नायफने एकदा अस्माकडे पाहिलं. मग अधिकाऱ्याकडे.

"रस्त्यावर लॉरी उभी होती. विकत घेतला."

"कागद होते?"

"नव्हते."

"लॉरी कोणाची?"

"अल्लाला ठाऊक."

अधिकारी भला माणूस होता. त्याला वाईटच वाटलं. "तुला कुणी नकळत दिला असता तर भरपाई मिळाली असती," तो म्हणाला. "जाणूनबुजून घेतलास म्हटल्यावर भरपाई नाही. वर दंड बसेल."

"बसू दे," उम्म नायफ म्हणाली, जशी काही शेजारच्या बागेची गोष्ट चालली होती.

सुबोध सर अस्माला बाजूला घेऊन मराठीत आले. चेहरा लग्नघरातला. "बघितलंस? माणसाच्या हातून! बाई स्वतःच्या तोंडाने सांगतेय. आता कोण आपले पैसे अडवतो ते बघतोच."

अस्मा हो म्हणणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष कुंपणाकडे गेलं. एका खांबावर पत्र्याचा डबा उपडा घातलेला होता. वर पिवळाधमक हापूस आणि खाली मराठी अक्षरं. श्रीवर्धनहून येताना सासूबाई सकिनाबींनी सामानात आणलेला आमरसाचा डबा. त्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं होती. पाणी निचरून जावं म्हणून ती तिनेच पाडली होती.

तो फुटवा याच डब्यात होता.

फुटवा हारूनने आणला होता. तिचा नवरा, रियाधमध्ये अल सुलैला गोदाम सांभाळतो, सुट्टीला हाइलला येतो. त्याच्या अम्मीला गावच्या घरामागची वाडी आठवते, तिला काहीतरी हिरवं हवं, म्हणून रियाधच्या वाटेवरच्या एका रोपवाल्याकडून त्याने तो उचलला. कागदबिगद कुठले! अस्माने बुंधा उलटासुलटा करून पाहिला, भोक दिसलं नाही. अम्मी तर नातवाला घ्यावं तसा तो डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. "राहू दे डब्यातच," अस्मा म्हणाली होती. पुढे तो दिसेनासा झाला, तेव्हा वाळला असेल असं समजून तिने विचारलंही नाही. चौकीवर दुसऱ्यांच्या गाड्या उघडायला लावणारी बाई ती!

सगळे निघाल्यावर ती हात धुवायला नळाशी थांबली. उम्म नायफने खांबावरचा डबा काढला, पुसला, खजुरांनी भरला आणि तिच्या हातात दिला.

"सकिनाला दे. या झाडांचे शेवटचेच."

"खाला, तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"भेट देणाऱ्याचं नाव कुणी सरकारी माणसाला सांगतं का?" उम्म नायफला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "माझ्या आजीच्या वेळी साहेबांनी टोळांसाठी कोंडा टाकला होता. शेजारणीला काय माहीत त्यात विष आहे ते? तिने गोळा करून मायेने आमच्या शेळ्यांपुढे ठेवला. शेळ्या मेल्या. साहेब विचारायला आले, कोंडा इथे कोणी आणला? आजी म्हणाली, वाऱ्याने."

अस्माला हसू आलं, आणि त्याच दमात रडूही.

घरी अम्मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. सकिनाबींना अरबीचं अक्षर येत नव्हतं, तरी भिंतीवरून हातवारे करत त्यांनी उम्म नायफशी अशी दोस्ती जमवली होती की दोघींचं हसणं रस्त्यावर ऐकू जाई. डबा पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अगो, हा अजून ठेवला होता तिने?"

"अम्मी, तो फुटवा तुम्ही तिला दिला होता?"

"मग? रमजानात तिने जरीशचं, त्या गव्हाच्या खिचडीचं, हे एवढं पातेलं पाठवलं. तू कामावर, घरात द्यायला म्हणून काही नाही. रिकामं पातेलं परत करायचं काय गो? आपल्यात कोण करतं?" त्यांनी सुपातला खडा बाहेर टाकला. "म्हटलं झाड देऊया. डब्यासकट ठेवलं पातेल्यात. लागला काय तो?"

अस्माने खजूर ताटात ओतले.

"लागला, अम्मी. चांगलाच लागला."

"बघ! माझ्या हाताला गुण आहे. आता डब्यातून काय पाठवूया? सांदणं करते."

"करा. पण डबा राहू दे माझ्याकडे."

हारूनला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हबकला, मग व्यवहारावर आला. "गप्प बस ना. सर खूश, सरकार खूश, तुझा इकामा शाबूत. त्या बाईने आपणहून सांगितलंय. तू कुठे खोटं बोललीस?"

"मी काहीच बोलले नाही, तेच तर."

"अस्मा, उगाच शहाणपणा करू नकोस. आपण दोघंही घरी बसू."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. भीती तिलाही वाटतच होती.

सकाळी ती कचेरीत पोचली तेव्हा सर सादरीकरण पक्कं करत होते. पडद्यावर आधी विषारी कोंड्याचा जुना ट्रक, त्यानंतर उम्म नायफची कोवळी खजुरी. खाली ठळक अक्षरांत: माणसाच्या हातून.

अस्माने डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"वा, आमरस!" सरांनी आत डोकावलं. "हा तर रिकामा आहे."

"लॉरी नव्हती, सर. फुटवा या डब्यात होता. आमच्या घरातून गेला. बुडाची भोकं मी पाडलीत."

सरांनी डबा उचलला, उलटा केला, भोकांतून खिडकीच्या उजेडाकडे पाहिलं. मग उठून दार लावलं.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"घरच्यांना. आणि तिला."

"तिने तर सांगून टाकलंय." त्यांचा आवाज हळू झाला. "अगं, सिद्धांत तसाही खराच ठरतो ना? मग हात कुणाचा, याने काय फरक पडतो?"

"तिची झाडं जातायत, सर. भरपाईशिवाय. वर दंड."

बाहेर गाडीचं दार वाजलं. अधिकारी आला होता, उम्म नायफच्या कबुलीचा कागद घेऊन. सरांनी डबा टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"घरी घेऊन जा हा. प्लीज."

अस्माने त्याला हात लावला नाही.

"तिने भरून दिला होता, सर. आमच्यात रिकामं भांडं परत करत नाहीत," ती म्हणाली, आणि अधिकाऱ्यासाठी दाराची कडी काढायला वळली.