वेर्बोलोजचा रिकामा चौक

आमच्या झोनमध्ये फोटो काढायला येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी एक बाहुली लागते. अणुभट्टी फुटली, गावं ओस पडली, शाळांची छपरं खाली आली, एवढ्याने त्याचं समाधान होत नाही. खाटेवर एक डोळा फुटलेली बाहुली नसेल तर आपण फसवले गेलो असं त्याला वाटतं. म्हणून आम्ही वाटाडे बाहुल्यांची सोय ठेवतो. माझ्या गाडीच्या डिकीत एक असते, गॅसमास्कसकट. बालवाडीतल्या खाटेवर मी ती इतक्यांदा ठेवली आणि उचलली आहे, की युरोपातल्या निम्म्या आर्ट गॅलऱ्यांत माझ्या मुलीचं खेळणं टांगलेलं असावं.

सेव्हेरिन दोलिन्स्की मात्र वेगळा निघाला. हा कीवचा, कलेतला माणूस. बाहुली दाखवली तेव्हा मी त्याच्या सूपमध्ये थुंकल्यासारखा त्याने चेहरा केला. त्याला वस्तू नको होत्या, त्याला अनुपस्थिती हवी होती. परदेशात त्याचं ‘शांतता’ नावाचं प्रदर्शन ठरलं होतं आणि त्यातल्या मुख्य भिंतीवर झोनमधल्या वेर्बोलोज शहराचा चौक यायचा होता. संस्कृतिभवन, त्याच्या मोडक्या पायऱ्या, पुढची फुटलेली फरसबंदी, आणि माणसाचा मागमूस नाही.

त्या चौकात वर्षभर माणसाचा मागमूस नसतोच. अपवाद प्रोवोदीचा. सेव्हेरिनने परवानगी काढली ती नेमकी त्या दिवसाची.

ईस्टर झाल्यावर प्रोवोदीला आम्ही आपापल्या मेलेल्या माणसांकडे जेवायला जातो. थडगी झाडायची, कुंपणांना निळा रंग द्यायचा, तिथेच चादर अंथरून अंडी, सॉसेज आणि पाव मांडायचा, गेलेल्यांच्या नावाने होरिल्काचा, म्हणजे आमच्याकडच्या दारूचा, पेला भरायचा आणि ते पिणार नाहीत याची खात्री झाली की आपण प्यायचा. त्या दिवशी झोनचं फाटक उघडतं आणि देशभर पांगलेलं वेर्बोलोज बस भरभरून परत येतं. हे मी सेव्हेरिनला फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, दोनचार दुःखी म्हाताऱ्यांची मला अडचण नाही.

दुःखी म्हाताऱ्या सकाळीच आल्या होत्या, थडगी आटोपून चौकात बसल्या होत्या आणि एव्हाना गात होत्या. सेव्हेरिन पांढरा प्लास्टिकचा डगला, हातमोजे आणि मास्क घालून गाडीतून उतरला. जमिनीला हात लावू नका, गवतावर बसू नका, काही खाऊ नका, हे नियम मी त्याला वाटेत पाठ करून दाखवले होते. समोरच्या गवतावर अख्खं शहर बसून खात होतं. कोणीतरी त्याच्या हातमोज्यात लोणच्यातली काकडी ठेवली. त्याचं किरणं मोजायचं यंत्र टिकटिकलं, तेव्हा काकडी देणारीने बिघडलंय वाटतं म्हणून त्याला सहानुभूती दाखवली.

त्याचा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, तिपाईवरचा, कोंबड्यांच्या खुराड्याएवढा. तो पाहिल्यावर लोकांची खात्री पटली की हा खरा फोटोवाला. जो तो त्याला ओढू लागला. माझा फ्लॅट काढ, तिसरा मजला, ते झाड आलंय ना ते स्वयंपाकघरातून आलंय. आमची नात काढ. सेव्हेरिन सगळ्यांना सांगत राहिला की मी माणसांचे फोटो काढत नाही.

हे याव्दोखा आजीने ऐकलं आणि ती हातातला पेला ठेवून उठली.

आजी वेर्बोलोजची एकुलती एक रहिवासी. शहर रिकामं केल्यावर पुढच्या वसंतात ती जंगलातून चालत घरी आली. पोलीस तिला बाहेर सोडून यायचे, ती परत यायची. शेवटी पोलीसच थकले आणि तिच्याकडे अंडी घ्यायला येऊ लागले. तिला किरणांची भीती नव्हती, मरणाचीही नव्हती. तिला भीती होती ती पेन्शनच्या कार्डावरच्या फोटोची.

आमच्याकडे थडग्यावर फोटो लागतो. दगडात बसवलेला, एनॅमलचा, लंबगोल. आजीच्या नवऱ्याचा, त्रोखिमचा, तिथे होताच. तिशीतला, कपाळावर केसांची लाट, सिनेमात काम मिळालं होतं पण वेळ नव्हता असा चेहरा. त्याच दगडावर शेजारी आजीचं नाव कोरून तयार होतं, आणि नावावर एक रिकामा खळगा. त्या खळग्यासाठी तिच्याकडे अख्ख्या जगात एकच फोटो होता, तो कार्डावरचा. त्यात ती कोंबड्या चोरताना पकडल्यासारखी दिसते. तिची मुलगी नीना म्हणायची, आई, अगदी तुझ्यासारखा आलाय. आजी म्हणायची, म्हणूनच तो नको.

ती सेव्हेरिनसमोर येऊन उभी राहिली. लग्नातला फुलाफुलांचा रुमाल डोक्याला, पायात रबरी गमबूट.

“पोरा, माझा एक काढ. कबरीवर लावायचाय.”

सेव्हेरिनने मास्कमधून सांगितलं की तो माणसं काढत नाही.

“मग काय काढतोस?”

“रिकामेपण, आजी.”

आजीने यावर खरोखर विचार केला. “ते मी रोज बघते,” ती म्हणाली. “त्यात बघण्यासारखं काही नसतं. मी मात्र रोज मिळणार नाही.”

तो बधला नाही. एका माणसाने सगळी शांतता नासते, असं काहीसं म्हणाला. आजी तिथून हलली, म्हणजे चार पावलं मागे सरून त्याच्या पाठीशीच थांबली.

आता चौक रिकामा कसा करायचा? दुपारनंतर फाटक बंद होणार आणि परवानगी संपणार. मग सेव्हेरिनला त्याच्या धंद्यातली एक युक्ती आठवली. भिंगावर काळी काच बसवून कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा. जे स्थिर असतं ते फोटोत येतं, जे हलत राहतं ते विरून जातं. त्याने स्टुलावर चढून सर्वांना विनंती केली, की चौकात राहायचं असेल तर राहा, पण कृपा करून चालत राहा. थांबू नका. जो थांबेल तो फोटोत येईल.

पेला घेऊन बसलेल्या माणसांना चालायला लावणं सोपं नसतं. पण संस्कृतिभवनाचे जुने संचालक प्रोकोप लुकिच तिथे होते आणि त्यांनी आयुष्यभर एक मेची कामगार मिरवणूक काढली होती. त्यांच्या हातून चौक गेल्यापासून त्यांना कोणी काही संघटित करायला सांगितलं नव्हतं. त्यांनी नाकपुड्या फुलवल्या आणि क्षणात रांगा लावल्या: पुढे दूधसंघ, मागे वीटभट्टी, त्यामागे शिक्षक, शेवटी जावई आणि इतर. माझ्या हातात टेबलक्लॉथ बांधलेली काठी दिली. अडीचशे माणसं सॉसेज हातात धरून, गाणी म्हणत, रिकाम्या चौकाचा फोटो निघावा म्हणून चौकात गोल गोल फिरू लागली. दोन फेऱ्यांनंतर लोकांना ते आवडायला लागलं. संस्कृतिभवनापुढून जाताना दूधसंघाने सवयीने मानवंदना दिली.

फिल्म आत सरकवली की त्या कॅमेऱ्यातून काही दिसत नाही. सेव्हेरिन घड्याळाकडे डोळे लावून होता आणि प्रोकोप लुकिच वीटभट्टीला शिव्या देत होते. त्यामुळे संस्कृतिभवनाच्या वरच्या पायरीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

महिन्याने सेव्हेरिनचा फोन आला. म्हणाला, ओरेस्त, ती हललीच नाही. अडीचशे माणसं विरघळली आहेत. धुकंसुद्धा उरलेलं नाही. नुसती फरसबंदी, पायऱ्या, मोडकं भवन, आणि मधोमध ती बाई, रुमालावरच्या पाकळ्या मोजाव्यात इतकी स्वच्छ. कसं शक्य आहे? तरुण मॉडेलसुद्धा एवढी स्थिर राहू शकत नाही.

मी त्याला सांगितलं की तिच्या पिढीने साखरेच्या रांगेत आयुष्य काढलं आहे. तिथे हललं की नंबर जायचा.

फोटो प्रदर्शनात लागला. दुसरा नव्हताच. तिकडच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की पायरीवरची ती वृद्धा म्हणजे साक्षात शांतता. सेव्हेरिनने हे नाकारलं नाही. त्याने मला एक मोठी प्रत पाठवली आणि मी ती वेर्बोलोजला नेली.

आजीने चष्मा लावला आणि कागद दारातल्या उजेडात धरला. मग तिने नखाने एक रेघ ओढली.

“हे मागचं कापून टाक.”

मी म्हटलं, आजी, ते भवन, तो चौक, त्याच्यासाठीच तर सगळी खटपट झाली.

“एवढा पसारा. लोकांना वाटेल माझ्याच घरातला आहे.”

कापला. एनॅमलवाल्याने उरलेला चेहरा खळग्यात बसवला. पुढच्या प्रोवोदीला मी मुद्दाम थडग्याशी गेलो. आजी तिथे आपल्याच फोटोशेजारी बसून अंडं सोलत होती. नीना जरा लांब बसली होती. तिला ते बघवत नव्हतं.

“कशी दिसते?” आजीने विचारलं.

छान, मी म्हणालो.

“छान सोड. ह्याच्या शेजारी कशी दिसते?”

मी त्रोखिमकडे पाहिलं, मग तिच्याकडे. केसांची ती लाट, ते हसू, आणि बाजूला, अख्खं शहर फिरत असताना पायरीवर न हललेली ती बाई. जे वाटलं ते सांगितलं.

“आजी, तोच जरा पोरगेलासा वाटतो तुझ्यापुढे.”

तिने सोललेलं अंडं माझ्या हातात दिलं आणि त्रोखिमचा पेला, त्याला न विचारता, स्वतः पिऊन टाकला.