मागच्या सीटवरचा केक

नगरहून कर्जतला आम्ही चौघं शिक्षक रोज अप-डाउन करतो. शाळा वेगवेगळ्या, गाडी एक. आधी मी आणि आरती एसटीनं जायचो. ती नोकरीला नवी होती, गर्दीत तिला भोवळ यायची, मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. सूर्यभान सरांनी गाडी घेतली तेव्हा मला विचारलं, तर मी म्हटलं, "आरतीला घेणार असाल तरच येईन." तिच्याबरोबर मीही पास सोडला. चौथे रंगनाथ सर, ते पुढे सरांच्या शेजारी बसतात. हळूहळू सगळ्यांनीच सोडला, आणि शाळेच्या वेळेला पोचवणारी सकाळची एसटीच बंद झाली.

परवा गुरुवारी पूजा आटोपत होते, तेवढ्यात आरतीचा फोन आला.

"बाई, सरांची गाडी सुरूच होईना. आम्ही तिघंही रजा टाकतोय. तुम्हीपण टाका."

माझ्याकडे दहावीची तोंडी परीक्षा होती, रजा टाकता येणार नव्हती. फोनवर नुसतं बरं म्हटलं, सरांना दुरुस्तीचा फार खर्च पडू नये म्हणून दत्तापुढे हात जोडले आणि स्टँडवरून काहीतरी मिळेल या आशेनं रिक्षात बसले.

चौकात सगळं अडकलेलं. जिकडे बघावं तिकडे चारचाकी, आणि एकेकीत एकेकच माणूस. शेजारची रांग दोन हात पुढे सरकली आणि एक पांढरी गाडी माझ्या रिक्षाला खेटून थांबली. आतून गाण्याचा आवाज येत होता. मागच्या सीटवर आरती होती. तिच्या शेजारी, माझ्या जागेवर, केकचा खोका.

आरतीनं मला पाहिलं. मग सरांनी आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं. मागेपुढे कुणालाच हलता येत नव्हतं.

आरतीनं काच खाली केली.

"रंगनाथ सरांचा वाढदिवस आहे आज," ती म्हणाली. "मिरजगावला थांबणार होतो. तुमचा गुरुवार ना, बाई. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं."

"तुम्ही भुर्जी खाता तेव्हा मी गाडीतच बसते की. कधी काही म्हटलंय का?"

"तेच तर. तुम्ही काही म्हणत नाही, माळ घेऊन गाडीत बसून राहता. मग आमच्या घशाखाली घास उतरत नाही."

"मग तसं सांगायचं. गाडी बंद पडली कशाला म्हणालीस?"

पुढून रंगनाथ सर म्हणाले, "बाई, चूक माझी. जन्मलोच गुरुवारी." कुणीच हसलं नाही.

रिक्षावाला मागे वळला. "वळखीचे हायेत ना? मग बसा की त्यांच्यातच. स्टँडपातुर अर्धा तास लागंल. अन् आता कर्जतला जायाला हाय तरी काय? दहाला एक गाडी हाय, ती बी आली तर."

मला उतरायचं नव्हतं. पण साडेदहाला मुलं परीक्षेसाठी माझी वाट बघत बसणार होती. मी रिक्षाचे पैसे दिले आणि उतरले. आरतीनं आतून दार उघडलं. खोका ठेवायला दुसरी जागा नव्हती, तो मी मांडीवर घेतला. अंड्याचा असणार. काही बोलले नाही.

मिरजगावला गाडी थांबली नाही. गाणंही पुन्हा लागलं नाही. एका वळणावर आरतीचं डोकं झोपेनं माझ्या खांद्याकडे कललं. तिला जाग आली, तशी ती सावरून खिडकीकडे सरकली.

माझ्या शाळेच्या फाटकाशी मी उतरले. खोका तिच्या हातात दिला.

"उद्या नेहमीच्याच वेळेला ना, बाई?" तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

नाही म्हणावं, असं फार मनात आलं. पण उद्याही दहाच्या आधी एसटी नव्हती.

"हो," मी म्हटलं. "खाली येऊन थांबते."