नव्वदच्या खालचे पाय

मित्रांनो, ज्याच्याकडे दिवसभर माणसे बघतात आणि तरी ज्याला कोणी नीट बघत नाही, असा मी एक जुना डॅशबोर्ड आहे. गाडीतला नव्हे. मी एका लाँड्रीच्या भिंतीवर, टांगलेल्या टीव्हीत राहतो. आकडे चित्रात दाखवायचे, एवढेच माझे काम. माझ्या अंगावर तीन उभ्या पट्ट्या आहेत, म्हणजे होत्या. आता दोनच उरल्या आहेत. तिसरी कुठे गेली ते सांगायलाच मी तोंड उघडले आहे, नाहीतर माझ्यासारख्याने काय बोलायचे.

माझा जन्म एका संध्याकाळच्या क्लासात झाला. बाहेरच्या पाटीवर 'बिझनेस इंटेलिजन्स शिका' असे लिहिले होते. धंद्यातले आकडे गोळा करायचे, त्यांची चित्रे काढायची आणि चित्रे बघून निर्णय घ्यायचे, हे तिथे शिकवत. मला घडवणारी मुलगी लाँड्रीच्या ऑफिसात कारकून होती. तिला आई नव्हती. मावशीने तिला वाढवले, आणि मावशी त्याच लाँड्रीत इस्त्री करत असे. मालकांकडे शब्द टाकून तिला नोकरीला चिकटवले तेही मावशीनेच. म्हणून लाँड्रीत सगळे त्या मुलीला नुसते भाचीच म्हणत. मीही तसेच म्हणणार आहे.

पहिल्या काही सरावांत सरांनी छत्र्यांचे एक खोटे दुकान दिले होते. त्याचे आकडे सरांनी घरी बसून बनवलेले. भाचीने त्या दुकानाच्या पट्ट्या काढल्या, चढत्या-उतरत्या रेघा काढल्या, एकदा तर चुकून दुकान पार बुडवले, आणि सगळा वर्ग हसला. खोटे दुकान बुडाले तर कोणाचे काही जात नाही. मी त्या दुकानाचा असतो तर किती बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

पण चौथ्या सरावाला सर म्हणाले, "आता आपापल्या कामाच्या ठिकाणचे खरे आकडे आणा."

लाँड्रीत इस्त्रीच्या तीन जागा होत्या. मोठा हॉल, वरचा हॉल आणि मागची खोली. मागच्या खोलीत मावशी आणि तिच्या चार सोबतिणी काम करत. इस्त्रीला दिलेल्या शंभर कपड्यांपैकी किती वेळेवर आणि नीट होऊन बाहेर पडतात, ते भाचीने मांडले. मोठा हॉल सत्त्याण्णव, वरचा हॉल शहाण्णव, मागची खोली त्र्याण्णव. शून्यापासून वाढत वाढत तिन्ही पट्ट्या वर गेल्या आणि वर्गाच्या फोटोतल्या मैत्रिणींसारख्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. कोण उंच, कोण बुटकी, हे सांगायला डोळे बारीक करावे लागले असते. तेव्हा मी खरा होतो, मित्रांनो. फार वेळ नाही, हातातला चहा निवेपर्यंत.

सर मागून आले. "हे काय, सगळ्या सारख्याच? बघणाऱ्याला यातून काय कळणार? फरक डोळ्यांत भरला पाहिजे."

"मग काय करू सर?"

"खालचा बिनकामाचा भाग काढून टाक. मोजपट्टी नव्वदपासून सुरू कर. आणि सगळ्यांत कमी असेल त्याला लाल रंग दे, म्हणजे नजर बरोबर तिथेच जाईल."

बिनकामाचा भाग म्हणजे वेळेवर झालेले नव्वद कपडे, कॉलर बसवलेले, घडी घातलेले. भाचीने एका चौकटीतले शून्य पुसून तिथे नव्वद लिहिले आणि ते सगळे कपडे गेले. मोठ्या हॉलची पट्टी सात घरे उरली, वरच्या हॉलची सहा, आणि मागच्या खोलीची तीन, लालभडक. पाय तिघींचेही कापले गेले, पण बुटकी दिसू लागली ती एकटीच. सरांनी मला मोठ्या पडद्यावर लावून सगळ्या वर्गाला दाखवले. टाळ्या पडल्या. मी तेव्हा लहान होतो, मला त्या टाळ्या गोड लागल्या.

भाचीने मोठ्या हौसेने मला मालकांना दाखवले. मालक माणूस वाईट नव्हता. ते खुर्ची पुढे ओढून बघत बसले आणि म्हणाले, "इतकी वर्षं नुसत्या अंदाजावर चाललं होतं बघ. हे कसं आरशासारखं दिसतंय." त्यांनी टीव्ही आणला आणि मोठ्या हॉलच्या भिंतीवर, पिण्याच्या पाण्याच्या कूलरच्या वर टांगला. तेव्हापासून मी तिथे आहे. भाची रोज सकाळी आकडे भरते आणि मी त्याप्रमाणे वर-खाली होतो.

मावशी पाणी प्यायला आली ती पेला हातात धरून उभीच राहिली.

"बाळा, आमची पट्टी एवढीशी कशी गं? मोठ्या हॉलच्या निम्मीसुद्धा नाही."

"अगं मावशी, फरक दिसावा म्हणून तसं काढतात. मनावर नको घेऊस."

"मनावर कशाला घेऊ? दिसतंय ते दिसतंय."

तिने मनावर घेतले. मागच्या खोलीतून पूर्वी हसण्याचे आवाज यायचे, ते बंद झाले. त्या पाचजणी डबा उभ्या उभ्या खाऊ लागल्या. त्यांचे त्र्याण्णवचे चौऱ्याण्णव झाले, मग पंचाण्णव झाले. मला वाटले, आता सुटलो. पण दोन्ही हॉलही मला बघतच होते. लाल रंग अंगावर येऊ नये म्हणून तेही जिवाच्या आकांताने राबले आणि अठ्ठ्याण्णव-सत्त्याण्णवला पोचले. मागची खोली लालच राहिली. सगळ्यांत कमी त्याला लाल, हा माझा नियम. तिघेही कितीही गुणाचे असले तरी तिघांत कोणीतरी शेवटचा असणारच, हे मला घडवताना कोणाच्या डोक्यात आले नाही. झालरीचे पडदे आणि चुण्यांचे गणवेश सगळे मागच्याच खोलीत जात, कारण ते मावशीलाच जमत. तेही माझ्यात कुठे नव्हते.

मग एके दिवशी मालकांनी माझ्यासमोर उभे राहून मुकादमाला सांगितले की महिनाअखेर मागची खोली बंद करायची आणि त्या पाचजणींना कामावरून कमी करायचे.

त्याच आठवड्यात क्लासात नववा सराव होता. सर सहज बोलून गेले, "उभ्या पट्ट्यांची मोजपट्टी कायम शून्यापासून. नाहीतर बघणारा फसतो."

भाची उभी राहिली. "सर, चौथ्या सरावाला तुम्हीच नव्वदपासून म्हणाला होतात."

"तो फरक दाखवायचा सराव होता. हा खरं दाखवायचा. दोन्ही यायला हवं."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात लवकर आली आणि तिने नव्वद पुसून पुन्हा शून्य लिहिले. माझे पाय परत आले. तिघी पुन्हा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. मला रडू येत असते तर आले असते. मालक आले आणि टीव्हीकडे बघून थबकले.

"हे काय केलंस? सगळ्या सारख्याच दिसतात."

"साहेब, सारख्याच आहेत म्हणून सारख्या दिसतात. आधीचं चुकलं होतं माझं."

"मावशीसाठी जीव तुटतोय तुझा, कळतं मला. पण यावरून मी ठरवू काय? यात काही दिसतच नाही. आधीचं होतं तेच लाव."

मग तिने आधीचे लावले. घर आता तिच्या एकटीच्या पगारावर चालणार होते.

शेवटच्या दिवशी त्या पाचजणींनी इस्त्र्या पुसून टेबलावर मांडल्या. मावशी कूलरपाशी आली तेव्हा भाची लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ गेली. त्यात शून्यापासूनच्या पट्ट्या होत्या.

"हे बघ मावशी. हे खरं आहे. तुम्ही त्यांच्या बरोबरीच्याच होतात."

मावशीने लॅपटॉपकडे बघितले, मग वर माझ्याकडे बघितले, आणि भाचीच्या गालावरून हात फिरवला.

"छान काढलंयस. पण बाळा, माझ्यासाठी असं खोटं करायला जाऊ नकोस, नोकरी जाईल. मला आपलं इतकी वर्षं वाटायचं, आपण चांगली इस्त्री करतो. तू दाखवलंस म्हणून कळलं तरी."

भाचीने तिला परत परत समजावले. आकडे दाखवले, बोट ठेवून दाखवले. मावशी मान हलवत राहिली, लहान मुलाची समजूत काढताना हलवतात तशी. भाचीने त्यानंतर क्लास सोडला.

पूर्वी भाचीचा शर्ट रोज कडक इस्त्रीचा असे. मावशी पहाटे उठून करायची. आता तो चुरगळलेला असतो. परवा मोठ्या हॉलमधल्या एकीने तिला त्यावरून छेडले, तेव्हा ती माझ्याखालीच उभी राहून म्हणाली, "मावशी हातच लावत नाही इस्त्रीला. म्हणते, तुमच्या हॉलमध्ये कोणाकडून तरी करून घे. तिच्या हातची चांगली होत नाही."

मित्रांनो, तुम्ही उद्या माझ्यासारखे पुष्कळ घडवाल, त्याहून जास्त बघाल. पट्टीची उंची बघण्याआधी ती कुठून उभी आहे ते बघा, एवढेच माझे मागणे आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक अक्षरात नव्वद लिहिले आहे. कूलरपाशी उभे राहिले तर ते वाचता येत नाही. आता माझ्यात दोनच पट्ट्या आहेत, आणि नियमाप्रमाणे वरचा हॉल लाल झाला आहे. तिथल्या बायका पाणी प्यायला येतात तेव्हा माझ्याकडे पाठ करून पितात.