कोस्टारिकाची गाडी कोण चालवणार

जेवणं चालली होती. मुलाच्या, हर्षितच्या, लकडगंजमधल्या मित्राची बायको पानात भात घेता घेता देवकीला म्हणाली, "काकू, तुम्ही येऊन राहिल्या ना, आमचं सगळं टेन्शन गेलं. आमचे दोघंही तुमच्याजवळच सोडतो. भूमिकासोबत खेळतील मस्त."

नातीला, भूमिकाला, वाढता वाढता देवकीने विचारलं, कुठे सोडता?

कोस्टारिकाच्या रिसॉर्टवर, ती म्हणाली. आम्ही सगळे जंगलाकडे गेलो की चार दिवस मुलं तुमच्याकडे. हर्षित बोलला नाही का?

हर्षितने मान खाली घालून वरणात भात कालवायला घेतला. सून उन्नती पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून देवकीने सगळ्यांना नीट वाढलं, पानसुपारी दिली, फाटकापर्यंत जाऊन निरोपही दिला. पण तिच्या कानांतून वाफा निघत होत्या.

देवकी एकसष्ट वर्षांची. काटोलजवळ सासरची संत्र्याची बाग होती आणि नवऱ्याची, मनोहररावांची, नोकरी नागपुरात. त्यामुळे बाग बघायची ती तिनेच. त्यासाठी ती लग्नानंतर वर्षभरात जीप चालवायला शिकली, पुढे पिकअप आली तीही तिच्याच हातात राहिली. बागेतली चिखलाची वाट, बाजाराच्या दिवशीची गर्दी, घाटातली वळणं, सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. एका जुलैत मनोहररावांच्या छातीत कळ आली ती बागेतच. संध्याकाळची वेळ, कळमेश्वरच्या रस्त्यावरचा नाला चढलेला. देवकीने गाडी वळवली, कोंढाळीकडून काढली आणि भर पावसात त्यांना धंतोलीच्या दवाखान्यात आणून घातलं. डॉक्टरांनी ड्रायव्हरला बाहेर थांबायला सांगा म्हटलं, तेव्हा ती म्हणाली होती, मीच ड्रायव्हर, मीच बायको.

अशा बाईने कोस्टारिकाला जायचं मनात घेतलं होतं. मुलगी मिनल ह्यूस्टनला राहते. आदल्या वर्षी देवकी तिच्याकडे गेली, तेव्हा मिनलच्या शेजारणीने तिथले फोटो दाखवले. विदर्भाच्या निम्म्याएवढा देश, त्यात निम्म्याहून जास्त जंगल. ढगांत बुडालेले डोंगर, आणि त्या डोंगरांतून जाणारा साधा दुपदरी रस्ता. देवकीने फोटोतल्या माकडांकडे फारसं पाहिलंच नाही. ती त्या रस्त्याकडे बघत राहिली.

नागपूरला परत आल्यावर अख्खा पावसाळा तिचा त्याच नादात गेला. मोबाईलवर ती स्पॅनिश शिकली. भाजी निवडताना तिकडच्या रस्त्यांचे व्हिडिओ लावून ठेवायची. राजधानीतून दक्षिणेला जाताना मोठा घाट लागतो, त्यावर दुपारी धुकं उतरतं, म्हणून तो सकाळीच ओलांडायचा. सूर्य बाराही महिने सहाच्या आसपास बुडतो, त्याआधी मुक्काम गाठायचा. एका वाटेवर नदीतून गाडी घालावी लागते. पाण्यात गाडी बिघडली तर विमा मिळत नाही, म्हणून ती वाट सोडायची. स्टिअरिंग डाव्या हाताला आणि गाडी उजव्या बाजूने, त्याचीही तयारी हवी. हे सगळं तिने एकटीने शोधलं. मनोहरराव पेपरामागून हं हं करत राहिले.

हर्षित आधी हसला होता. मग त्याने मित्रांना सांगितलं, मित्रांनी आपापल्या बायकांना, आणि बघता बघता तीन कुटुंबं तयार झाली. हर्षित आईजवळ बसून एकेक टप्पा विचारायचा आणि फोनवर मित्रांना सांगताना "मी असा रूट काढला आहे" म्हणायचा. देवकीने ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. पोरगं आहे, मिरवू दे. दोन गाड्या घेऊ, एक मी चालवीन, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मग दिवाळीनंतर हर्षितने सांगितलं की गाडी भाड्याने देणारी कंपनी साठीच्या वरच्या माणसाला गाडी देत नाही. नियम म्हटला की नियम, असं देवकीने स्वतःला समजावलं होतं.

आता पाहुणे गेल्यावर ते समजावणं तिला पुन्हा आठवलं, आणि त्या नियमात काहीतरी काळंबेरं आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळ उजाडल्यावर, तिने कंपनीला फोन लावला. आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये नमस्कार केला, पुढचं इंग्रजीत विचारलं. पलीकडची मुलगी फार अदबीने बोलली. वयाची अट खालची आहे, वरची काही नाही. लायसन्स इंग्रजीत आहे ना, मग झालं. माझ्या आजीलासुद्धा आम्ही गाडी देतो, ती हसत म्हणाली. देवकीने आभार मानले आणि फोन ठेवला.

हर्षित दुकानातून येईपर्यंत ती झोपाळ्यावर बसून राहिली. तो आला, बूट काढले, आणि तिने त्याला तिथेच थांबवलं.

"साठीचा नियम कोणी सांगतला तुले?"

हर्षितने आधी वेबसाइट म्हटलं, मग एजंट म्हटलं. मी स्वतः फोन केला होता, असं देवकीने सांगितल्यावर तो सोफ्यावर बसला. आई, तुझ्याच भल्यासाठी, तो म्हणाला. परका देश, उलटी बाजू, डोंगराचे रस्ते. तुला काही झालं तर? आणि मित्रांच्या बायकाही म्हणत होत्या की काकू चालवणार असतील तर आम्हाला भीती वाटते.

"भीती वाटते," देवकी म्हणाली. "अन् त्याच बाईच्या अंगावर तीन लेकरं टाकून जंगलात जायची भीती नाही वाटत. स्टिअरिंग धरायले मी म्हातारी, अन् लेकरं धरायले जवान. माझं भलं मले विचारून ठरवायचं होतं, हर्षित. तू तर माझ्याशी खोटं बोलला."

"एवढं काय झालं आता, आई? तू उगाच मोठं करून राहिली."

मनोहरराव पेपर बाजूला ठेवत म्हणाले की घरात कटकट कशाला, रिसॉर्टवर समुद्र आहे, आरामात बसू. देवकीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. मुलाचा राग तिला पेलत होता, पण ह्या माणसाच्या आरामाने तिचा जीव जळला. त्या जुलैत मागच्या सीटवर कोण पडलं होतं, हे तिने त्यांना विचारलं नाही. विचारावं लागतं यातच सगळं आलं, असं तिला वाटलं.

तिने एवढंच सांगितलं की ती या मंडळींसोबत येणार नाही. तिने शोधलेला रस्ता हवा तर घेऊन जा, पण मुलं सांभाळायला तिला धरू नका. तिला जायचं असेल तेव्हा ती मिनलला घेऊन जाईल आणि गाडी तीच चालवेल.

आठवडाभरात लकडगंजच्या मित्राने मुलांचा प्रश्न म्हणून अंग काढून घेतलं, दुसऱ्यानेही घेतलं, आणि सगळे मिळून गोव्याला जायचं ठरलं. हर्षित येता जाता म्हणायचा की एका माणसाच्या हट्टापायी सगळ्यांचा प्लॅन बुडाला. नणंद शोभाताईंचा फोन आला, त्यांनीही समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. आईनेच समजून घ्यायचं असतं वहिनी, लेकराचं काय एवढं मनावर. देवकीने विचारलं की खोटं तो बोलला, मग समजूत माझी काहून? शोभाताईंनी तब्येतीचा विषय काढला.

फेब्रुवारीची तिकिटं देवकीने मिनलशी बोलून काढली. त्यानंतर एका दुपारी, हर्षित दुकानात असताना, उन्नती तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी आणि भूमिका तुमच्यासोबत आलो तर चालेल का, असं तिने विचारलं. सहा वर्षं लायसन्स पर्समध्ये पडून आहे, हर्षित गाडीला हात लावू देत नाही, हेही तिने सांगितलं, खाली बघत.

देवकी लगेच विरघळली नाही. त्या जेवणाच्या दिवशी पाणी आणायला आत गेलेली हीच. "ये," ती शेवटी म्हणाली. "पण पोरीले तू पाह्यशील. मी चालवीन. अन् घरी तूच सांगशील, मी नाही सांगणार."

उन्नतीने सांगितलं. त्यावरून हर्षितचं आणि तिचं काय झालं ते बंद दाराआड झालं, देवकीने कान दिला नाही. मनोहररावांनी जायच्या आदल्या दिवशी विचारलं की मीही आलो असतो तर? तिकीट मागायला तुम्हाला कोणी अडवलं होतं का, असं तिने विचारलं आणि बॅगेची चेन ओढली.

ह्यूस्टनहून मिनलला सोबत घेऊन चौघी कोस्टारिकाच्या राजधानीत उतरल्या. डाव्या हाताच्या स्टिअरिंगने पहिला अर्धा दिवस देवकीचा घाम काढला. इंडिकेटर लावायला जायची आणि वायपर फिरायचे. मिनल हसली, तेव्हा देवकीही हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट लागला. ओक वृक्षांच्या खोडांवर शेवाळ लोंबत होतं, फांद्याफांद्यांवर नेची वाढली होती, आणि रस्ता वर वर चढत होता. दुपारी येणारं धुकं त्या दिवशी सकाळीच उतरलं. पुढचं काही दिसेना. देवकीने रस्त्याकडेच्या एका खानावळीपाशी गाडी थांबवली. तिथे ट्रकवाले कॉफी पीत बसले होते. तिनेही स्पॅनिशमध्ये कॉफी आणि भाजलेली केळी मागितली, दोन्ही बरोबर मिळाली.

मिनल भूमिकाला घेऊन आत शेकोटीजवळ गेली. उन्नती सासूशेजारी बाकावर बसून राहिली. ती म्हणाली, "आई, ते साठीच्या नियमाचं, मुलांचं, मला सगळं ठाऊक होतं. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"हो, पाह्यजे होतं," देवकी म्हणाली.

मग तिने आपल्या ताटलीतला भाजलेल्या केळ्याचा तुकडा उन्नतीच्या ताटलीत सरकवला.

धुकं थोडं विरळ झालं तसे ट्रकवाले उठले. देवकीने सगळ्यांना गाडीत बसवलं, दोन ट्रक पुढे जाऊ दिले आणि त्यांच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून गाडी हळूहळू रस्त्यावर घेतली.